मिडहर्स्टचा वाडा आणि त्यातील वेदी

इंग्लंडच्या दक्षिणेस, ससेक्स परगण्यात, रॉदर नावाच्या लहानशा नदीकाठी मिडहर्स्ट हे बाजाराचे गाव वसले आहे. लंडनपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, तर चिचेस्टर या धर्मपीठाच्या शहरापासून वीस किलोमीटर अंतरावर. वस्ती जेमतेम पाच हजारांची. गावात एक जुना चौक, चौकाजवळ सेंट मेरी मॅग्डालेन व सेंट डेनिस यांचे प्राचीन मंदिर, पंधराव्या शतकापासून प्रवाशांना आश्रय देणारी 'स्प्रेड ईगल' नावाची खाणावळ, आणि १५५२ साली उभारलेले, लाकडी चौकटींचे बाजारघर. गावाबाहेर पडून कुरणातील बांधावरून नदीच्या दिशेने चालू लागले, की समोर एका विशाल वाड्याचे छप्पर नसलेले अवशेष दिसू लागतात. दगडी खिडक्यांतून आरपार आकाश दिसते. हा काउड्रेचा वाडा.

या अवशेषांबद्दल गावात एक शापकथा सांगितली जाते आणि पर्यटकांना तीच प्रथम ऐकायला मिळते. आठव्या हेन्रीने मठ मोडले, तेव्हा १५३८ साली बॅटलचा प्रसिद्ध मठ त्याने आपला अश्वशालाप्रमुख सर अँथनी ब्राऊन याला बहाल केला. सर अँथनीने मठाचे मंदिर पाडले आणि मठाधिपतीच्या निवासात आपला संसार थाटला. तेथे गृहप्रवेशाची मेजवानी चालू असता एक मठवासी पुढे आला आणि त्याने शाप दिला, की अग्नी आणि जल यांनी तुझ्या वंशाचा अंत होईल. पुढे खरोखरच वाडा आगीत जळाला आणि वंशाचा अखेरचा तरुण नदीत बुडाला.

कथा मोठी परिणामकारक आहे, परंतु तिला सोळाव्या शतकातील आधार नाही. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांनी तिला प्रसिद्धी दिली. सर अँथनी शाप मिळाल्यावरही दहा वर्षे वैभवात जगून १५४८ साली मरण पावला. आणि जो शाप फळास येण्यासाठी अडीचशे वर्षे वाट पाहतो, त्याच्याविषयी थोडा संशय घेतलेला बरा. खेदाची गोष्ट अशी, की या शापकथेमुळे काउड्रेची खरी हकिकत झाकली गेली आहे. मठाच्या जमिनीवर श्रीमंत झालेले हे घराणे पुढे दोन शतकांहून अधिक काळ इंग्लंडमधील कॅथलिक श्रद्धेचा एक मोठा आधार ठरले, ही ती हकिकत होय.

मिडहर्स्टवर प्रथम सत्ता होती ती बोहुन या नॉर्मन घराण्याची. सेंट ॲनच्या टेकडीवर त्यांची गढी होती; तेराव्या शतकात ते नदीपलीकडे राहावयास गेले. तेथील हेझलच्या झाडीवरून जागेला जुन्या फ्रेंच भाषेत काउड्रे हे नाव पडले. बोहुनांची मुलगी सर डेव्हिड ओवेनला दिली होती. हा ओवेन ट्यूडरचा अनौरस पुत्र, म्हणजे राजघराण्याचा जवळचाच आप्त. त्याने जुने घर पाडून नवा वाडा बांधावयास घेतला. १५२९ साली तो सर विल्यम फिट्झविल्यमने विकत घेतला. जवळच्या ईझबोर्न गावातील धर्मभगिनींचा मठ बंद झाला, तेव्हा १५३६ साली तीही मालमत्ता फिट्झविल्यमच्याच पदरात पडली. तो १५४२ साली निपुत्रिक वारला आणि सर्व काही त्याच्या सावत्र भावाकडे, म्हणजे बॅटलवाल्या अँथनी ब्राऊनकडे आले.

त्याचा मुलगा, त्याचेही नाव अँथनीच, हा या इतिहासाचा नायक. राणी मेरीच्या विवाहाच्या वर्षी, १५५४ साली, त्याला व्हायकाऊंट मॉन्टेग्यू ही पदवी मिळाली. पुढल्याच वर्षी इंग्लंडचे रोमशी तुटलेले नाते पुन्हा जोडण्यासाठी जी शिष्टमंडळी पोपमहोदयांकडे गेली, तीत तो होता. परंतु १५५८ साली मेरी मरण पावली, एलिझाबेथ गादीवर आली आणि वारे फिरले. १५५९ साली राणीला धर्मसत्तेची प्रमुख ठरविणारा कायदा उमरावांच्या सभेपुढे आला, तेव्हा धर्माध्यक्षांनी विरोध केला हे समजण्यासारखे आहे. परंतु प्रापंचिक उमरावांपैकी जवळजवळ एकट्या मॉन्टेग्यूने उभे राहून त्यास विरोध केला. १५६३ साली शपथेची सक्ती अधिक कडक करणारे विधेयक आले, तेव्हाही तो बोलला. मनुष्याच्या सदसद्विवेकावर अशी बळजबरी करू नये, हा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

अशा माणसाचे डोके धडावर कसे राहिले, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर असे, की तो राणीशी एकनिष्ठ होता आणि राणीला ते ठाऊक होते. तिने १५६० साली त्याला स्पेनच्या दरबारी वकील म्हणून पाठविले, पुढे फ्लँडर्सलाही पाठविले. १५६९ पासून परगण्याच्या लष्करी कारभारात त्याला मानाचे स्थान होते. ते १५८५ साली गेले. त्याच्या पुढल्या वर्षी स्कॉटलंडच्या राणी मेरीवर खटला चालला, तेव्हा नेमलेल्या न्यायाधीशांच्या यादीत त्याचे नाव होते. एका कॅथलिक राणीच्या खटल्यात न्यायासनावर या कॅथलिक उमरावाला बसावे लागले! १५८८ साली स्पेनचे आरमार चालून आले, तेव्हा आपल्या मुलानातवासह घोडेस्वार घेऊन तो राणीच्या पुढे हजर झाला, असे त्या काळच्या एका छापील वृत्तान्तात म्हटले आहे.

राणीची चाकरी करणे हा एक भाग. रविवारी कोठे जावयाचे हा दुसरा आणि अधिक कठीण. १५५९ च्या कायद्याने नव्या पंथाच्या उपासनेस न येणाऱ्यास दर रविवारी बारा पेन्स दंड होता. १५८१ साली तो दरमहा वीस पौंडांवर गेला. इतकी रक्कम सामान्य शेतकऱ्याला कधी पाहावयासही मिळत नसे. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यास फाशी. तेव्हा कित्येक कॅथलिक कुटुंबप्रमुख रविवारी हजेरीपुरते सरकारी मंदिरात जाऊन बसत आणि घरी बायकामुले जपमाळ करीत. मॉन्टेग्यूही अधूनमधून असा जात असे. त्याच्या घरी चिचेस्टरचे पूर्वीचे आर्चडिकन अल्बन लँगडेल आश्रयाला होते. धर्मभ्रष्ट न होता अशी हजेरी लावता येते, असे प्रतिपादन करणारा १५८० सालचा एक हस्तलिखित निबंध त्यांच्या नावावर सांगितला जातो. नेमके त्याच वर्षी फादर रॉबर्ट पर्सन्स आणि संत एडमंड कॅम्पियन हे येशूसंघीय इंग्लंडमध्ये उतरले. साउथवर्क येथे जमलेल्या धर्मगुरूंच्या गुप्त सभेत याच प्रश्नावर स्पष्ट निर्णय झाला: अशी हजेरी चालणार नाही.

येथे क्षणभर थांबून एका आप्ताचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मॉन्टेग्यूची मुलगी मेरी साउदॅम्प्टनच्या दुसऱ्या अर्लला दिली होती. तिचा मुलगा १५७३ साली काउड्रेच्याच वाड्यात जन्मला; पुढे शेक्सपिअरचा आश्रयदाता म्हणून त्याचे नाव झाले. या अर्लचा आतेभाऊ टॉमस पाउंड हा दरबारी ऐश्वर्य सोडून कडवा कॅथलिक झाला. विल्टशरमधील एका तरुण मित्राला बरोबर घेऊन रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा, असा त्याचा बेत होता. पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. त्याचा मित्र मात्र निसटला, १५७५ साली रोममध्ये संघात दाखल झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओव्या आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या गायिल्या गेल्या. त्यांच्या मित्राचा तुरुंगवास मात्र आपल्याकडे कोणाला फारसा ठाऊक नाही.

एका बाजूस पाउंड, दुसऱ्या बाजूस त्याच्याच आप्तांतील मॉन्टेग्यू. एकाने वाकण्यास नकार दिला, दुसरा वाकत वाकत उभा राहिला. कोणाचे खरे? हुतात्म्यांच्या रक्तावर वाढलेल्या आपल्या मनाला पाउंड जवळचा वाटतो, आणि ते योग्यच आहे. तथापि मॉन्टेग्यूला भेकड म्हणावयास माझे मन धजत नाही. १५५९ च्या सभागृहात तो भेकडपणे वागला नव्हता. त्याच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून आतील वेदी उभी राहिली, आणि त्या वेदीच्या सावलीत मिडहर्स्ट व ईझबोर्न येथील कित्येक कुटुंबांचा विश्वास टिकला. वाड्याचे नोकर, खंडकरी, वाड्याला माल पुरविणारे गावातील कारागीर, यांपैकी अनेकजण त्याच्या आडोशाने कॅथलिक राहिले. संपूर्ण ससेक्समध्ये कॅथलिकांची एवढी दाट वस्ती असलेली ठिकाणे फार थोडी होती. दरमहा वीस पौंडांचा दंड ज्याला सोसणे अशक्य, अशा माणसाला धन्याच्या तडजोडीचा आधार होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तडजोडीची किंमतही होती. ती पुढल्या पिढ्यांनी चुकविली.

ऑगस्ट १५९१ मध्ये राणी एलिझाबेथ स्वतः काउड्रेला पाहुणी आली आणि जवळजवळ आठवडाभर राहिली. या भेटीचा वृत्तान्त त्याच वर्षी छापला गेला. एका न्याहारीसाठी तीन बैल आणि एकशे चाळीस हंस लागले, असे त्यात नमूद आहे. बागेत एका ओक वृक्षावर परगण्यातील सरदारांची ढालचिन्हे टांगली होती. रानमाणसाच्या वेषातील एक नट पुढे होऊन राणीला सांगू लागला, की ही सारी माणसे तुझ्याशी इमानी आहेत. वृद्ध उमराव जणू त्या झाडाच्या तोंडून बोलत होता. राणी प्रसन्न झाली, तिने काहीजणांना नाइट केले. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, परदेशी शिकून आलेले धर्मगुरू आणि त्यांना लपविणारे लोक हुडकून काढण्यासाठी परगण्यापरगण्यांत चौकशीमंडळे नेमण्याचा तिचा जाहीरनामा निघाला. मॉन्टेग्यू पुढल्या वर्षी, १५९२ च्या ऑक्टोबरात, निवर्तला.

त्याच्या विधवेने तडजोडीचा मार्ग सोडून दिला. लेडी मॅग्डालेन या उत्तरेकडील डेकर घराण्यातील. तरुणपणी त्या राणी मेरीच्या सेवेत होत्या. पतीच्या पश्चात त्या बहुतेक काळ बॅटल येथे राहिल्या आणि ज्या मठाच्या विध्वंसावर सासऱ्याने घर थाटले होते, त्याच जागी त्यांनी उघडपणे एक प्रार्थनामंदिर सजविले. दगडी वेदी, तिच्याकडे जाण्यास पायऱ्या, उपदेशपीठ. सणाच्या दिवशी तेथे शंभराहून अधिक लोक ख्रिस्तशरीर स्वीकारीत. त्यांच्या घरी तीन धर्मगुरू राहत, आणि शेजारीपाजारी त्या घराला 'छोटे रोम' म्हणत. हे सर्व आपल्याला त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू रिचर्ड स्मिथ यांच्यामुळे कळते. लेडी मॅग्डालेन १६०८ साली प्रभूघरी गेल्या आणि पुढल्याच वर्षी स्मिथ यांनी त्यांचे लॅटिन चरित्र प्रसिद्ध केले. हे स्मिथ पुढे इंग्लंडमधील कॅथलिकांचे महागुरू झाले. चरित्रकाराचा भक्तिभाव लक्षात घेऊनही म्हणावेसे वाटते, की पुरुषांनी राजदरबार सांभाळला आणि स्त्रियांनी घरातला धर्म, ही त्या काळातील इंग्लिश कॅथलिकांची सर्वसाधारण रीत लेडी मॅग्डालेन यांच्या घरी पूर्णत्वास गेली होती. सरकारने त्यांना फारसे छेडले नाही. वयाचा आणि घराण्याच्या इमानाचा मान राखला गेला.

नातू अँथनी मारिया, दुसरा व्हायकाऊंट, आजोबांहून तापट. विशीतच, १५९५ साली, त्याने आपल्या घरच्या कारभाराची एक नियमावही लिहिली. कारभाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येक चाकराचे काम त्यात सांगितले आहे. मेज मांडताना कोणी केव्हा आणि किती लवावे, तेसुद्धा. १६०४ साली कॅथलिकांविरुद्धच्या नव्या विधेयकावर त्याने उमरावांच्या सभेत इतके सडेतोड भाषण केले, की त्याची रवानगी फ्लीटच्या तुरुंगात झाली. पुढल्या वर्षी पार्लमेंट उडविण्याचा दारूगोळ्याचा कट उघडकीस आला. त्यातील गाय फॉक्स हा एके काळी याच घराण्यात ताटवाढ्याचे काम करीत असे! आजोबांनी त्याला काढून टाकले होते, नातवाने पुन्हा ठेवले होते. कटाच्या संशयावरून व्हायकाऊंटला लंडनच्या टॉवरमध्ये बरेच महिने काढावे लागले.

यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे थोडक्यात सांगता येतील. यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेने १६४३ साली काउड्रे ताब्यात घेतले आणि घराण्याची मालमत्ता जप्तीत सापडली. १६७८ साली कॅथलिक उमरावांना सभागृहात बसण्यासही मनाई झाली. गंमत अशी, की त्याच काळात मिडहर्स्ट गावाला मात्र पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क होता आणि तो हक्क जमिनीच्या ठराविक जुन्या तुकड्यांना चिकटलेला होता. हे तुकडे हळूहळू वाड्याच्या मुठीत आले. घरे पाडून बागेची भिंत वाढविली, तरी त्या जागेची खूण म्हणून भिंतीत दगड बसविलेले असत. मत दगडाच्या नावे दिले जाई, असे लोक उपहासाने म्हणत. १७६८ साली चार्ल्स जेम्स फॉक्स हा पुढे गाजलेला पुढारी अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मिडहर्स्टचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये गेला, तो याच पद्धतीने.

गावाचे स्वतःचे जीवनही चालूच होते. गिल्बर्ट हॅनम या पलंगपोस विणणाऱ्या गृहस्थाने १६७२ साली बारा गरीब मुलांसाठी शाळा काढली. ती प्रथम बाजारघराच्या माडीवर भरे. दोनशे वर्षांनंतर याच शाळेत एच. जी. वेल्स या लेखकाने १८८३-८४ मध्ये शिकवीत शिकवीत शिक्षण घेतले. उमरावांचे वाडे जळाले, विणकऱ्याची शाळा मात्र पुढे चालली.

सातव्या व्हायकाऊंटच्या काळी वाड्यातील वेदी विझली. त्याने प्रोटेस्टंट पंथ पत्करला. त्याची पत्नीही प्रोटेस्टंट होती आणि मुलगा जॉर्ज सॅम्युएल त्याच संस्कारांत वाढला. केपेबिलिटी ब्राऊन या नामांकित उद्यानकाराकडून बाग नव्याने आखून घेतली गेली. १७८२ साली डॉ. जॉन्सन येथे आले. आपले पूर्वज कसे राहत असत ते येथे दिसते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. १७८७ साली ब्रुसेल्स येथे मरणशय्येवर असताना सातव्या व्हायकाऊंटने पश्चात्तापपूर्वक आपला मूळ धर्म पुन्हा स्वीकारला. पण घर तोवर हातचे गेले होते.

मुलाच्या विवाहाचा विचार चालला होता आणि वाड्याची डागडुजी काढली होती. सामानसुमान उत्तरेकडील दालनात रचून ठेवले होते आणि तेथेच सुतारांचे काम चाले. १७९३ च्या २४ सप्टेंबरच्या रात्री लाकडाच्या भुशात धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून आग लागली. आठव्या हेन्रीच्या डोळ्यांदेखत 'मेरी रोझ' जहाज १५४५ साली बुडाले, त्या प्रसंगाचे समकालीन भित्तिचित्र येथे होते. ते गेले. सुदैवाने काही वर्षे आधी त्याची खोदचित्रे काढून छापलेली होती. स्वयंपाकघराचा बुरूज तेवढा वाचला. तरुण धनी त्या वेळी युरोपात प्रवासात होता. त्याच शरदात राईन नदीच्या खळाळावरून नाव नेण्याच्या हट्टापायी तो मित्रासह बुडाला. सेवकाने त्याची कॉलर धरून अडविण्याचा प्रयत्न केला, असे सांगतात. वाड्याची बातमी त्याला कळलीच नाही. वय चोवीस.

मग वारस शोधता शोधता लोक फ्रान्समधील फाँतेनब्लो येथील एका मठवाश्यापर्यंत पोहोचले. मार्क अँथनी ब्राऊन हा नववा व्हायकाऊंट. वंश बुडू नये म्हणून त्याने रोमकडून व्रतमुक्ती मिळविली आणि विवाह केला. १७९७ च्या नोव्हेंबरात तो निपुत्रिक वारला व पदवी संपली. ज्यांनी शापाची कथा रचली, त्यांनी हा शेवट विचारात घेतलेला दिसत नाही: मठ मोडून उदयास आलेले घराणे एका मठवाश्याबरोबर मावळले.

मालमत्ता आठव्या व्हायकाऊंटच्या बहिणीकडे, श्रीमती पॉयन्ट्झ यांच्याकडे गेली. त्यांचे दोन मुलगे १८१५ साली बॉग्नरच्या समुद्रात आईवडिलांच्या नजरेसमोर बुडाले. तेव्हापासून शापाची चर्चा अधिकच वाढली असावी. १८४३ साली एगमाँटच्या अर्लने इस्टेट विकत घेतली. १९०९ साली बोगदे, बंदरे आणि मेक्सिकोतील तेल यांवर धनाढ्य झालेल्या वीटमन पिअर्सन यांनी ती घेतली आणि अवशेषांची डागडुजी करून ते जपून ठेवले. पुढे त्यांना मिळालेल्या उमरावकीसाठी त्यांनी काउड्रे हेच नाव निवडले. इस्टेटीच्या घरांच्या खिडक्या-दारांना लावलेला पिवळा रंग आजही मिडहर्स्टच्या परिसरात ओळखू येतो, आणि उन्हाळ्यात वाड्याजवळच्या मैदानावर पोलोचे सामने रंगतात.

वाड्यातील वेदी गेल्यावरही गावात कॅथलिक कुटुंबे राहिली. १८२९ च्या कायद्याने त्यांना नागरी हक्क मिळाले. १९५७ साली मिडहर्स्टमध्ये त्यांच्यासाठी नवे मंदिर उभे राहिले. पवित्र मातृत्व आणि असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. तो धर्मग्राम आज अरुंडेल-ब्रायटन धर्मप्रांतात आहे.

पहिल्या व्हायकाऊंटची कबर मूळ मिडहर्स्टच्या मंदिरात होती. १८५१ साली ती नदीपलीकडे ईझबोर्नच्या अँग्लिकन मंदिरात हलविण्यात आली. खाली त्याच्या दोन्ही पत्नी, जेन रॅडक्लिफ आणि लेडी मॅग्डालेन, संगमरवरात निजल्या आहेत. वर चिलखत घातलेला वृद्ध उमराव गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे.